‘स्पेक्टेट’ हा शब्द खरा की पोरांनी काढलेला?

खणभागकर
काल रात्री ताट वाढलं तरी पोरगा मोबाइलमधून डोकं काढेना. “गेम बंद कर” म्हटलं तर म्हणतो, “पप्पा, मी कधीच मेलोय, आता नुसतं स्पेक्टेट करतोय.” मी 22 वर्षं इंग्रजी शिकवतोय. स्पेक्टेटर माहीत आहे, पण हे क्रियापद मी कधी फळ्यावर लिहिलं नाही. वॉच असताना ह्याची गरज काय? माझं मत सरळ आहे: गेमवाल्यांनी स्पेक्टेटरचं शेपूट कापून शब्द केलाय. उद्या डॉक्टरवरून ‘डॉक्ट’ करतील.

आयर्विनकाठ
शेपूट कापलंय हे खरं, सर. पण कापणारे गेमवाले नव्हेत. ह्या क्रियापदाची नोंद 1709 सालची आहे. तेव्हा सांगलीत पटवर्धनांचं संस्थानसुद्धा नव्हतं! स्पेक्टेटर लॅटिनमधून 16व्या शतकाच्या अखेरीस आला, क्रियापद त्याच्या मागून. आणि ही पद्धत इंग्रजीत जुनीच आहे. ‘एडिट’ हा एडिटरवरून, ‘बर्गल’ बर्गलरवरून, ‘टेलिव्हाइज’ टेलिव्हिजनवरून. वर्गात पोरांना “निबंध एडिट करा” म्हणताना लाज वाटत नाही ना?

खणभागकर
नोंद असणं वेगळं आणि तोंडात असणं वेगळं. एवढ्या वर्षांत त्याला कुणी फारसं विचारलं नाही. मॅच अजून वॉचच करतात. पेपरात कुणी लिहिलं तर मी लाल शाईनं गोल करणार.

सतारमेकर
करा की, पण पोराचे मार्क उगाच जातील. वॉच हा मूळचा ‘वेक’च्या घरातला, जागं राहण्याशी नातं असलेला. म्हणूनच वॉचमन. गॅसवरचं दूध उतू जाऊ नये म्हणून आपण उभे राहतो, ते वॉच. तिथं हात घालायची तयारी असते. स्पेक्टेटमध्ये खेळ चालू असतो आणि आपण खेळाबाहेर. तुमचा पोरगा मेला होता ना? मग तो दुसऱ्याचा डाव बघत होता. नेमका शब्द वापरलाय त्यानं.

उसाचा_फड
काय लगा तुम्ही! आपल्याकडं ह्याला शब्दच लागत नाही. कुंडलच्या मैदानाला हजारो माणूस लोटतं, कुणी “कुस्ती प्रेक्षण केलं” म्हणतंय का? “कुस्तीला गेलतो”, झालं. तेवढ्या ‘ला’मध्ये सगळं आलं. मी एकदा घरी असंच सांगितलं तर म्हातारा म्हणाला, “लढायला का बघायला?” माझ्या पोटाकडं बघून म्हणाला.

खणभागकर
हेच म्हणतोय मी. भाषेला गरज नसते तिथं शब्द घुसडू नये.

आयर्विनकाठ
गरज नाही कशी? 2019 च्या पुरात सांगलीत कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. दर पुराला आयर्विन पुलावर पाणी बघायला माणसं गोळा होतात, पोलीस हाकलून दमतात. त्यांना प्रेक्षक म्हणाल? नाही, ‘बघे’ म्हणाल. म्हणजे बघण्याच्या जाती मराठीनंही केल्यात. आणि एक गंमत सांगतो: स्पेक्टेटरमधला लॅटिन धातू आणि संस्कृतचा ‘स्पश्’ एकाच मुळातले. त्या ‘स्पश्’वरूनच आपला रोजचा ‘स्पष्ट’. तुम्ही “स्पष्ट सांगतो” म्हणता तेव्हा ह्याच शब्दाचा चुलतभाऊ तोंडात असतो.

सतारमेकर
शिवाय ‘प्रेक्ष्’वरून आलेलं ‘पेखणे’ जुन्या मराठीत होतंच. ‘निरखणे’ न् ‘पारखणे’ आपण ठेवले, ह्याला सोडून दिलं.

खणभागकर
चुलतभाऊ असला म्हणून घरात घेतलाच पाहिजे असं नाही, आमच्यात तर उलटंच असतं. 1709 मान्य, गेमवाल्यांवरचा आरोप मागे घेतो. लाल गोल मात्र राहील.

बाकी, आत्ताच पोराला विचारलं, हेच मराठीत कसं सांगशील? मान वर न करता म्हणाला, “बघत बसलोय.” आतून त्याची आई म्हणाली, “दोघंही तेच करताय. भांडी ओट्यावरच आहेत.”