मॉनिटर घेताना पॅनेलचा विचार कसा केलात? आपले अनुभव लिहा

मॉनिटरच्या खोक्यावर इंच आणि रिझोल्यूशन ठळक छापलेले असते. पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, टीएन, आयपीएस, व्हीए (हे तिन्ही द्रवस्फटिकाचे म्हणजे एलसीडीचे प्रकार) की ओएलईडी, हे मात्र बारीक अक्षरांत शोधावे लागते. आपण कोणते पॅनेल कशासाठी निवडले आणि वापरात काय आढळले, ते कृपया सविस्तर लिहावे.

डीटीपी व्यावसायिक, पुणे: मुखपृष्ठाचा रंग ग्राहकाला शेजारी बसवून दाखवावा लागतो, म्हणून मी आयपीएस घेतला. टीएनमध्ये द्रवस्फटिकाचे रेणू दोन काचांच्या मध्ये ९० अंशांचा पीळ घेतात आणि विद्युतदाब मिळताच उभे होतात, त्यामुळे खालून पाहिल्यास चित्र काळवंडते. हिताचीने १९९६ मध्ये बाजारात आणलेल्या आयपीएसमध्ये ते काचेला समांतर राहूनच फिरतात, म्हणून बाजूने पाहणाऱ्यालाही रंग जवळजवळ तोच दिसतो.

चित्रपटप्रेमी, नाशिक: रात्री दिवे मालवून पाहणाऱ्यांनी व्हीएचा विचार अवश्य करावा. नेहमीच्या आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्यापेक्षा किती पट उजळ, ते प्रमाण) १०००:१ च्या आसपास, तर व्हीएचा बहुधा ३०००:१ किंवा अधिक असतो; त्यामुळे काळा रंग राखाडी वाटत नाही. मात्र काळोख्या दृश्यात वेगाने हलणाऱ्या वस्तूमागे सावलीसारखी शेपटी राहते, आणि वेगवान खेळांत ती मला खटकते.

मुद्रितशोधक, ठाणे: माझे काम दिवसभर मराठी मजकूर वाचण्याचे, म्हणून माझा मुद्दा देवनागरीपुरता आहे. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा ठिपका, स्वतः उजळतो आणि काळा रंग खरोखरच काळा दिसतो, हे मान्य. परंतु क्वांटम डॉट ओएलईडी या त्याच्या एका प्रकारात लाल, हिरवे आणि निळे उपपिक्सेल (पिक्सेलचे रंगीत भाग) बहुधा एका ओळीत नसून त्रिकोणात मांडलेले असतात, आणि आडव्या कडांना हिरवट-जांभळट झाक येते. रोमन लिपीत आडव्या रेषा तुटक असतात. आपल्याकडे शिरोरेखा ओळभर चालते, त्यामुळे मला ही झाक प्रत्येक शब्दावर जाणवली. पिक्सेल जितके दाट, तितकी ती कमी दिसते. शिवाय टास्कबारसारखी स्थिर चित्रे वर्षानुवर्षे एकाच जागी राहिल्यास त्यांचा डाग कायमचा उमटण्याची शक्यता असते. मी २७ इंची फोर-के (३८४० × २१६० पिक्सेलचा) आयपीएस निवडला. इंचाला सुमारे १६० पिक्सेल असल्याने अनुस्वार आणि रफार मला पडद्याकडे न वाकता वाचता येतात. दुकानात प्रात्यक्षिकाचे रंगीत चित्रण बंद करायला सांगून बारीक टाइपातले एखादे मराठी पान उघडून पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

हिशेबनीस, कोल्हापूर: आकड्यांच्या तक्त्यांसाठी समोर बसून वापरायला जुना टीएन मला अजूनही पुरतो.