मदत हवी आहे : बाबांच्या (वय ७४) तपासणीतले हे आकडे कसे वाचायचे?

नमस्कार मंडळी,

बाबा सांगलीला असतात, मी ठाण्यात. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघात नुकतंच एक शिबिर झालं. बीपी-शुगर नेहमीचंच, पण या वेळी हातात यंत्र देऊन पकड मोजली, खुर्चीतून उठ-बस करायला लावली आणि घड्याळ लावून चालायला सांगितलं. चिठ्ठीवर नुसते आकडे आहेत :

पकड, उजवा हात – २५ किलो
३० सेकंदांत खुर्चीतून उठणे – ९ वेळा
उठून ३ मीटर चालून परत येऊन बसणे – १४ सेकंद

शेरा काही नाही. विचारलं तर म्हणे, "वयाच्या मानाने ठीक आहे, आजोबा."

बाबांनी आयुष्यभर वर्कशॉपमध्ये पाने आवळलेत. त्यांच्या मते यंत्रच बिघडलेलं होतं, कारण नारळ ते अजून हातानेच सोलतात. पडले कधी नाहीत. सकाळचा फेरफटका चालू आहे. डावा गुडघा कुरकुरतो, जिना कठडा धरून चढतात. आई म्हणते, हल्ली पायजमा पलंगावर बसून घालतात, आधी उभ्यानेच घालायचे.

हे आकडे खरंच ठीक आहेत का? आणि घरच्या घरी मोजायचं तर काय मोजावं? कृपया 'वय झालं, चालायचंच' एवढं सोडून काहीही सांगा.

– ठाणेकर_लेक

—

सांधेजोड : मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण बाबांना न बघता लिहितेय, त्या बेताने घ्या.

पकडीसाठी आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली पुरुषांची सीमा २८ किलो धरली आहे. त्याखाली गेलं की स्नायूंची ताकद कमी समजतात. खुर्चीच्या चाचणीत ७० ते ७४ वयाच्या पुरुषाने ३० सेकंदांत १२ वेळा तरी उठावं अशी अपेक्षा असते. हा तक्ता अमेरिकन वृद्धांवरून केलेला आहे, त्यामुळे एखाद-दुसऱ्या आकड्याने घाबरू नये. तिसऱ्या चाचणीत १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरून पुढची तपासणी करतात. एकच आकडा कमी असता तर मी सोडून दिलं असतं. इथे तिन्ही एकाच बाजूला झुकलेत.

पायजम्याचं तुम्ही सहज लिहिलंत, मला तेच जास्त बोलकं वाटलं. एका पायावर तोल सांभाळणं जड जातंय म्हणून माणूस न सांगता पलंगावर बसायला लागतो.

आता तुम्ही सांगा : खुर्ची कसली होती? उठताना हात टेकले का? औषधं कोणती चालू आहेत?

—

चहाबाज : आमच्या सासऱ्यांनी ती चालायची चाचणी शर्यत समजून केली. शेजारच्या काकांना हरवलं आणि वळताना खुर्चीवर आदळले. नेहमीच्या चालीने चालायचं असतं हे आधी कुणी सांगितलंच नाही. पुरुषमंडळींना स्टॉपवॉच दाखवलं की संपलं.

—

कृष्णाकाठ : खुर्ची वगैरे ठीक आहे हो, पण आपली माणसं जमिनीवर बसणारी. पंगतीला मांडी घालून बसता येतं का आणि हात न टेकता उठता येतं का, हे बघा. ब्राझीलच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये यावर अभ्यास छापला होता. बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५. हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येक वेळी एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा.

—

सांधेजोड : @कृष्णाकाठ, चाचणी चांगली आहे, पण गुडघा दुखणाऱ्या माणसाला ती घरी एकट्याने करायला लावू नका. त्यात गुण गुडघ्याच्या दुखण्यामुळे गेले की ताकद कमी म्हणून गेले, तेही कळत नाही.

—

ठाणेकर_लेक : बहिणीने बाबांना खोदून विचारलं. मांडवातली हातांची प्लास्टिकची खुर्ची, खाली सतरंजी, पायात चपला. शेवटी शेवटी हात टेकले होते. औषधांत बीपीची गोळी जुनीच आहे. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन दिवाळीनंतर चालू झालं, रात्री घेतात. रात्री लघवीला उठावं लागतं आणि उठल्यावर दाराची चौकट धरून थोडं थांबावं लागतं, हे आत्ता पहिल्यांदा कळलं.

—

सांधेजोड : मग आधी ती चौकट, चाचण्या नंतर. टॅमसुलोसिनने काहींचं बीपी उभं राहिल्यावर उतरतं, सोबत बीपीची गोळी असेल तर जास्तच. घरी यंत्र असेल तर पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तोवर रात्री पलंगाच्या कडेला थोडं बसून मगच उठायचं, आणि संडासापर्यंत दिवा हवा.

हात टेकून उठले असतील तर नियमाने त्या चाचणीचे गुण शून्य धरतात, म्हणजे तो ९ चा आकडा विसरा. घरी पुन्हा करा. बिनहाताची लाकडी खुर्ची, बैठक जमिनीपासून साधारण १७ इंच, पाठ भिंतीला टेकवलेली, म्हणजे मागे सरकणार नाही. हात छातीवर फुलीसारखे. चालण्यासाठी टेप नको : फरशी दोन फुटी असेल तर पाच फरश्या म्हणजे १० फूट, जवळपास ३ मीटरच. नेहमीची पादत्राणं, काठी वापरत असतील तर काठीसकट. तोलासाठी ओट्याजवळ उभं करून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून बघा. १० सेकंद टिकत नसतील तर तोलाचे व्यायाम लागतील. प्रत्येक वेळी शेजारी माणूस हवाच.

महिन्यातून एकदा पुरे, पण तीच खुर्ची आणि तीच वेळ. आज संध्याकाळी जेवण झाल्यावर आणि पुढच्या वेळी सकाळी, असं केलंत तर तुलना होत नाही. अचानक आकडा घसरला किंवा एका बाजूचा पाय ओढला जातोय असं वाटलं तर महिना संपायची वाट न बघता डॉक्टरांकडे.

—

चहाबाज : वर्कशॉपचा माणूस आहे ना? मग वही त्यांच्याच हातात द्या. तारीख, रीडिंग, सही. आपण मोजायला गेलो की चिडतात.

—

ठाणेकर_लेक : वहीची कल्पना चालेल असं वाटतंय. बीपी बहीण या रविवारी घेईल, डॉक्टरांची वेळही घेतली आहे. सांगली-मिरजेत घरी येऊन तोलाचे व्यायाम करून घेणारे कुणी फिजिओ माहीत असतील तर कृपया व्यनि (खासगी निरोप) करा. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही.

—

कृष्णाकाठ : व्यनि केलाय. आमच्या काकांकडे येतात त्या मॅडम, मिरजेच्या. मात्र सकाळी अकरानंतरच फोन करा.