टोकियो–लॉस एंजेलिस: अंतर आणि उड्डाणाची वेळ जुळत नाही, मदत हवी आहे

टोकियोचं नारिता विमानतळ ते लॉस एंजेलिस विमानतळ हे हवाई अंतर गोल पृथ्वीवरच्या अंतराच्या सूत्राने स्प्रेडशीटमध्ये काढतोय. एका संकेतस्थळावर ५,४५० च्या आसपास दिसतं, दुसरीकडे ४,७४० च्या आसपास, आणि माझं उत्तर येतं चक्क २,०१२! अक्षांश-रेखांश असे घेतलेत: ३५.७७, १४०.३९ आणि ३३.९४, ११८.४१. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
सूत्र बरोबर आहे, चिन्ह राहिलंय. लॉस एंजेलिस ग्रीनिचच्या पश्चिमेला, म्हणजे रेखांश उणे ११८.४१. उणे न टाकल्यामुळे तुमचं विमान पूर्व चीनमध्ये उतरतंय. उणे टाकलं की फरक २५८.८० अंश येईल. तो ३६० मधून वजा करायची गरज नाही, कारण २५८.८० आणि १०१.२० यांचा कोसाइन एकच.

दोन संकेतस्थळांचे आकडे मात्र एकाच अंतराचे आहेत: पहिला मैलांत, दुसरा सागरी मैलांत. १.६०९ आणि १.८५२ ने गुणून बघा, दोन्हीकडे ८,७७० किमीच्या आसपास येईल.

धागाकर्ता
आता ८,७५३ आलं, धन्यवाद. उरलेले वीसेक किमी कुठे गेले? आणि वेळ कशी काढायची? जाताना दहा तासांच्या आत, येताना साडेअकराच्या घरात, असं का?

प्रतिसाद २
वीस किमी पृथ्वी अगदी गोल धरल्यामुळे गेले. ती ध्रुवांकडे चपटी आहे, त्यामुळे या सूत्रात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडतोच. वेळेच्या हिशेबात तो कुठल्या कुठे विरतो. नारिताऐवजी हानेदा (टोकियोचं दुसरं विमानतळ) घेतलंत तरी साठेक किमी वाढतात.

वेळेचा खरा खेळ वाऱ्याचा. उत्तर पॅसिफिकवर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी आणि वाटेतला सरासरी वारा ८० किमी धरा:

जाताना ८,७५३ ÷ ९८० = ८ तास ५६ मिनिटं
येताना ८,७५३ ÷ ८२० = १० तास ४० मिनिटं

टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं-येणं), चढण, उतरण यांची ४० मिनिटं दोन्हीकडे मिळवा: ९:३६ आणि ११:२०. वेळापत्रकात गेट ते गेट वेळ असते, म्हणून ही भर हवीच. एक गंमत: जाताना वाचलेला वेळ येताना पूर्ण वसूल होतो आणि वर नऊ मिनिटं जातात, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं.

नकाशावर दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत म्हणून सरळ पूर्वेला रेघ मारू नका. ती ९,२३० किमी भरते. सगळ्यात जवळची वाट मध्यावर ४७–४८ उत्तर अक्षांशापर्यंत वर चढते. येताना मात्र वारा चुकवायला विमानं कधीकधी याहून लांबची वाट मुद्दाम घेतात.

प्रतिसाद ३
तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून उड्डाणाचा वेळ काढू नका, दोन्ही स्थानिक असतात. टोकियो हिवाळ्यात १७ तास पुढे. संध्याकाळी ५ ला निघालं, ९:३६ मिळवले, १७ तास वजा केले की लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळचे ९:३६! येताना सकाळी ११ ला निघालं तर दुसऱ्या दिवशी दुपारी ३:२०. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ तासभर पुढे जातं, जपानचं नाही, तेव्हा १७ च्या जागी १६ घ्या.