अकरावीतल्या मुलीसाठी उन्हाळी गणित शिबिर : शिफारसपत्र कोणाकडून घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

यावल तालुक्यातून लिहितोय, घरची केळी आहे. लेक अकरावी सायन्सला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. तिला प्रॉमिस इंडियाचा अर्ज भरायचा आहे. बोस्टन युनिव्हर्सिटीत 1989 पासून जे गणिताचं शिबिर चालतं, त्याचंच हे भारतातलं रूप. बंगळूरच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) सहा आठवडे राहायचं आणि नंबर थिअरी, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांचं गणित करायचं. भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेस थेट जाते, त्यामुळे पाठवायची चिंता नाही. अडलंय ते अर्जापाशी.

आधी पोरीबद्दल सांगतो. केळीच्या काटापावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती गणितं करते. मागे एका पावतीवर 3, 7, 11, 15, 19, 23 असे आकडे दिसले. म्हणे, यातला एकही दोन वर्गांची बेरीज करून येत नाही. का, ते खाली लिहिलं होतं : वर्गाला 4 ने भागलं की बाकी 0 किंवा 1 उरते, मग दोन वर्गांच्या बेरजेत बाकी 3 येणार कुठून? हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी ती पावती जपून ठेवली आहे.

अर्जात गणितं असतात आणि ती ज्याची त्याने, कोणाची मदत न घेता सोडवायची असतात. क्लासमधले एक सर म्हणाले, "आणा, सोडवून देतो." मी नको म्हटलं. पण सिद्धता नीट कशी मांडायची हे तिला दाखवणारं इथे कोणी नाही. आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिंपियाडची पहिली परीक्षा दिली, तर तिथे ओएमआरवर फक्त उत्तराचे आकडे रंगवायचे. सिद्धता लिहायची वेळ पुढच्या फेरीत, आरएमओला येते, आणि तिथवर ती पोचली नाही.

शिफारसपत्राचंही तसंच. कॉलेजात सरांच्या वर्गात एवढी मुलं की त्यांनी हिची वही कधी पाहिलीच नाही. आठवीपासून पाहिली ती आमच्या गावच्या निवृत्त गुरुजींनी, पण ते पत्र मराठीतूनच लिहितील. त्यांचं पत्र इंग्रजीत करून चालेल का? की कॉलेजातल्या सरांचंच लागतं?

दुसरं, दहापैकी सहाच गणितं सुटली आणि सातव्यात अर्ध्यावर अडलं, तर ते अर्धं पाठवावं का? ती म्हणते पाठवू नये, लाज वाटते. मला वाटतं पाठवावं.

क्लासवाले म्हणतात, बारावीचा पोर्शन एप्रिलपासून सुरू होतो, सहा आठवडे बुडवले तर जेईई विसरा. कोणाच्या मुलांनी दोन्ही सांभाळलंय का?

एका एजंटाचाही फोन आला होता. परदेशी विद्यापीठाच्या आवारात दोन आठवडे, प्रवेश नक्की, फी लाखांत. अमेरिकेत एमआयटीतलं आरएसआय हे शाळकरी मुलांचं उन्हाळी संशोधन शिबिर 1984 पासून चालतं, शिकवणं-राहणं-जेवण सगळं मोफत, आणि तिथे निवड होणं महाकठीण. या एजंटाकडे परीक्षा नाही, गणित नाही, नुसते पैसे. मी फोन ठेवला.

धाकटा आठवीत आहे. इस्रोचं युविका हे अवकाशविज्ञानाचं शिबिर नववीच्या मुलांसाठी असतं. थोरलीच्या वेळी शाळेत सूचना लागली तेव्हा तारीख उलटून गेली होती. ग्रामीण शाळांतल्या मुलांना तिथे जादा गुण असतात, म्हणून पुढच्या वर्षी मीच साइट बघत राहणार आहे.

जळगाव-भुसावळकडे कोणी गणिताचे प्राध्यापक असतील तर एक विनंती. अर्जातली गणितं अजिबात दाखवणार नाही. आरएमओच्या जुन्या पेपरातली तिची दोन-तीन उत्तरं वाचून लिहिताना कुठे चुकतं एवढं सांगाल का? रविवारी ती उत्तरं घेऊन म्हणाल तिथे येतो.