ग्रँट डफ लिलावात घ्यायचाय, आणि आजोबांच्या ट्रंकेचं काय करू?

कृष्णाकाठी_वाचक (सांगली)
मंडळी नमस्कार. जुनी पुस्तकं जमवायचा नाद आहे, पण आजवर सगळा खेळ रद्दीवाला आणि पुण्याचा जुना बाजार इथंच, म्हणजे फार तर पाचशे-हजारातला. आता इंग्लंडमधल्या एका छोट्या लिलावात ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास दिसलाय, १८२६ ची लंडनची पहिली आवृत्ती, अंदाज ३०० ते ४०० पाउंड. हा गडी प्रतापसिंह महाराजांच्या वेळी साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी होता, त्यामुळं आपल्याच भागाचं पुस्तक म्हणून जीव अडकलाय. त्याच लिलावात गांधीजींच्या सहीचा एक सुटा कागदही आहे, तोही स्वस्त वाटतोय. एकूण किती पैसे धरून चालू?

दुसरं म्हणजे आजोबांची ट्रंक. माळ्यावर होती म्हणून २०१९ च्या पुरातनं वाचली. त्यात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी फ्रेमसकट, मोडी कागदांचं एक बासन आणि 'किर्लोस्कर'चे जुने अंक आहेत. बायको म्हणते नवीन आणायच्या आधी हे काढा. एक जण घरी येऊन बघून गेलाय, सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगतो आणि रोज फोन करतो.

पोवईनाका (सातारा)
दादा, हातोडा पडतो ती किंमत म्हणजे तुमचा खर्च नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. समजा ३५० ला तुमचं झालं. त्यावर लिलाववाल्याचं कमिशन, बायर्स प्रीमियम म्हणतात त्याला, बऱ्याच ठिकाणी २५ टक्के असतं, म्हणजे साडेसत्त्याऐंशी पाउंड तिथंच गेले. तिसऱ्याच्याच वेबसाइटवरनं बोली लावली तर त्यांचे आणखी चार-पाच टक्के. कमिशनवर व्हॅट लागतो का तेही विचारून घ्या. छोटे लिलाववाले स्वतः पॅकिंग करत नाहीत, कुणाचा तरी नंबर देऊन मोकळे होतात, तीन खंडांचे ६० पाउंड सहज जातात. झाले की नाही पाचशेच्या वर? आणि कार्डाचा फॉरेक्स चार्ज, इथलं कस्टम मी अजून धरलंच नाही. म्हणून उलटं मोजायचं, खिशातनं एकूण किती घालवायचे ते ठरवायचं आणि त्याच्या साठ टक्क्यांवर बोली थांबवायची. लाइव्ह बसू नका, समोर कोण चढवतोय दिसलं की अंगात येतं. कमाल आकडा आधीच लिहून देता येतो, तो द्या आणि झोपा.

पुस्तकाची खरी गोम नकाशात आहे. पहिल्या आवृत्तीत घडीचा नकाशा असतो आणि असले नकाशे फाडून, फ्रेम करून वेगळे विकायचा धंदा जुना आहे. मेल टाकून विचारा, नकाशा आहे का, घडीवर फाटलाय का, तिन्ही खंडांच्या शीर्षकपानावर १८२६ च आहे का, का दोन खंड एका संचातले आणि तिसरा भलत्याच. बांधणी जुळते का, लायब्ररीचे शिक्के आहेत का. आतल्या पानांचे फोटो मागा, नुसत्या पुठ्ठ्यांचे नकोत. आणि अटींत 'विथ ऑल फॉल्ट्स', म्हणजे आहे त्या दोषांसकट, असं दिसलं तर घरी आल्यावर पान कमी निघालं तरी परत घेणार नाहीत. नुसतं वाचायचं असेल तर १९२१ ची ऑक्सफर्डची दोन खंडांची आवृत्ती शोधा, पण तुमचा जीव पहिलीत अडकलाय म्हटल्यावर मी कशाला बोलू.

जाता जाता, साताऱ्यात इतिहाससंशोधक पारसनिसांनी जुन्या कागदपत्रांचा एवढा थोरला संग्रह उभा केला, तो १९३९ साली पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला, आणि आम्ही सातारकर लंडनकडं डोळे लावून बसलोय.

भिंगवाली (कराड)
सहीच्या नादाला तूर्तास लागू नका. गांधीजी हरिजन फंडासाठी पाच रुपये घेऊन सही द्यायचे, त्यामुळं अल्बममधली सुटी पानं खरोखरच भरपूर आहेत, पण त्याच कारणानं बनावटही भरपूर. जुना कागद मिळवणं अवघड नाही, जुन्या पुस्तकाच्या सुरुवातीचं कोरं पान फाडलं की झालं. पण जुन्या कागदाची खळ गेलेली असते, त्यावर आज शाई लावली की ती कडेनं पसरते, टिपकागदावर लिहिल्यासारखी. भिंगातनं बघितलं की रेघेला बारीक केस फुटलेले दिसतात. कागदाला घडी असेल आणि शाई घडीच्या चिरेत उतरली असेल तर सही घडीनंतरची, म्हणजे ऐंशी वर्षं घडी पडलेल्या कागदावर कुणीतरी काल सही केलीय. सगळीकडं एकसारखे ठिपके दिसले तर ती सही नाहीच, छापील आहे. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च काही शेकड्यात मिळतो, कागदाला चकाकी आणणारी रसायनं साधारण १९५० नंतरची, तेव्हा १९३५ चा म्हणून दिलेला कागद निळसर पांढरा लखलखला तर हात जोडा आणि निघा. बॉलपेनची सही तर बघायलाच नको, बॉलपेन बाजारात आलं तेच १९४५ च्या सुमाराला. आता हे सगळं फोटोवरनं कसं बघणार तुम्ही? आणि सही कुणाकडनं, कशी आली याचा कागद नसेल तर स्वस्त आहे ते उगीच नाही.

लक्ष्मीचं चित्र फ्रेममधनं ओढून काढू नका!! काचेला चिकटलं असेल तर रंग काचेवरच राहतो. खालच्या पट्टीवर इंग्रजीत रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं काही दिसतं का ते बघा, लोकांनी फ्रेममध्ये बसवायला ती पट्टीच कापलेली असते. भिंगात रंगाचे वेडेवाकडे दाणे दिसले तर जुना शिळाछाप, म्हणजे दगडावरनं छापलेलं, आणि ठिपक्यांची नीट जाळी दिसली तर अलीकडची ऑफसेटची नक्कल. कुणी टिकल्या, जरतार लावली असेल तर राहू दे, ते त्या काळचंच आहे. आणि मेहेरबानी करून कुठलीही गोष्ट लॅमिनेट करू नका. आपल्याकडं आवडती वस्तू दिसली की लोक लॅमिनेशनवाल्याकडं पळतात. सेलोटेप, फेविकॉल तर नकोच नको.

निवृत्त_वकील
कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९७२ चा पुरावस्तू कायदा, लागू १९७६ पासून. वस्तू शंभर वर्षांची, आणि हस्तलिखित किंवा ऐतिहासिक महत्त्वाचा कागद ७५ वर्षांचा झाला की तो यात येतो. घरात ठेवायला, देशात विकायला मालकाला आडकाठी नाही, ठराविक प्रकारांची मात्र नोंदणी लागते, उदाहरणार्थ सचित्र पोथी. धंदा म्हणून खरेदी-विक्री करणाऱ्याला लायसन्स लागतं. रोज फोन करणाऱ्या गृहस्थांना ते विचारा, फोन बंद होतील. परदेशात पाठवायची मनाई आहे, पोस्टानंसुद्धा. म्हणजे तुमचा ग्रँट डफ एकदा इथं आला की इथलाच झाला. रविवर्म्याची मूळ चित्रं बघायची तर औंधला श्रीभवानी संग्रहालयात जाऊन या, फुकटचा ताप नाही.

थोरली_पाती (मिरज)
कुणी मोडी बासनाबद्दल बोललंच नाही. भाऊ, सगळ्यात जपायची वस्तू तीच आहे. संस्थानी स्टॅम्पपेपर आहेत का बघा, सांगली, मिरज थोरली पाती, धाकटी पाती, जत, औंध, फलटण, प्रत्येकाचा स्टॅम्प वेगळा आणि त्याचे हौशी लोक देशभर आहेत. व्यापारी काय करतात, वरचा स्टॅम्प कात्रीनं कापतात, खालचा मजकूर रद्दीत. त्या मजकुरात तुमच्या पणजोबांची जमीन असेल, विहिरीचं भांडण असेल, कुणाला ठाऊक. आधी वाचून घ्या, फोटो काढून ठेवा, मग विकायचं का बघा. मी मोडी शिकवते, जमेल तेवढं वाचून देईन.

'किर्लोस्कर'मध्ये १९२० च्या दशकातले अंक आहेत का? सुरुवातीला नाव 'किर्लोस्कर खबर' होतं, १९२९ ला बदललं. 'खबर'चे असतील तर कव्हर आणि जाहिरातीची पानं शाबूत आहेत का तेवढं सांगा, बाइंडिंगवाले तीच आधी काढून टाकायचे. सगळ्याचा मिळून एक आकडा म्हणजे त्याला यातली एकच वस्तू हवीय, बाकीचं तोंडी लावायला.

कृष्णाकाठी_वाचक (सांगली)
सगळ्यांचे आभार. लिलाववाल्यांचं उत्तर आलं, नकाशा आहे पण घडीवर फाटून मागनं कापड लावलंय, तिसऱ्या खंडाचा पुठ्ठा सुटलाय, शीर्षकपानं तिन्ही १८२६ ची. कमाल २८० लिहून दिलेत. सही सोडली. त्या गृहस्थांना लायसन्स विचारलं तर म्हणाले नंतर फोन करतो. अंकांत 'खबर'चे चार निघाले, दोनांना कव्हर आहे. ताई, रविवारी बासन घेऊन मिरजेला येऊ का?

थोरली_पाती (मिरज)
या की. दहाच्या पुढं या, आणि प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, सुती धोतरात गुंडाळा. कव्हरवाले दोन अंकही आणा.