मदत हवी आहे : फणसाच्या लाकडासाठी दीड किलोवॅटचा स्पिंडल पाण्याने थंड होणारा घ्यावा की हवेने?

नमस्कार.

मी कुडाळजवळ राहतो आणि नोकरी सांभाळून घराच्या पडवीत लाकूडकाम करतो. स्वतः जुळवलेल्या माझ्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर कोरणाऱ्या) यंत्राचे टेबल ६०० बाय ९०० मिलिमीटरचे असून तिन्ही अक्षांना बॉलस्क्रू आणि नेमा २३ स्टेपर मोटरी बसवल्या आहेत. देव्हाऱ्यांच्या जाळ्या आणि पाटांवरची नक्षी हे मुख्य काम. लाकूड बहुतेक फणसाचे, क्वचित सागाचे किंवा शिवणीचे.

आतापर्यंत हातात धरून वापरायचा ट्रिम राउटरच यंत्रावर बसवला होता. तो गेल्या महिन्यात बंद पडला तेव्हा उघडून पाहिला. कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरले होते, पंख्याच्या खाचांत फणसाचा पिवळा भुसा घट्ट दाबून भरल्यासारखा बसला होता, आणि बिट (कापणारे पाते) बाजूने दाबला की हलताना डोळ्यांना दिसत होता. ब्रश बदलता आले असते, पण बेअरिंगच गेल्यावर जाळीची कड स्वच्छ येणार नाही, म्हणून आता खरा स्पिंडल (बिट फिरवणारी खास मोटर) घ्यायचा असे ठरवले आहे. गणपतीपूर्वी दोन देव्हारे पूर्ण करून द्यायचे असल्यामुळे चूक परवडणारी नाही.

वॅटेज कसे ठरवले तेही सांगतो, म्हणजे त्यात गफलत असेल तर जाणकारांच्या लक्षात येईल. माझे यंत्र मिनिटाला २००० मिलिमीटरपर्यंत विनातक्रार चालते, त्यापुढे स्टेपर पावले चुकवतात. दोन धारांचा ६ मिलिमीटरचा बिट मिनिटाला १८,००० फेऱ्यांवर चालवला, तर प्रत्येक धारेच्या वाट्याला जेमतेम ०.०५५ मिलिमीटर लाकूड येते. बिट कापण्याऐवजी घासतो आणि फणसाची कड करपून तपकिरी होते. फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) वाढवता येत नाही, म्हणून फेरे १२,००० वर आणावे लागतात. मग तोच आकडा ०.०८३ होतो. परंतु ४०० हर्ट्झला २४,००० फेरे देणारा स्पिंडल २०० हर्ट्झवर चालवला की टॉर्क साधारण तेवढाच राहतो आणि शक्ती मात्र निम्मी होते, म्हणजे ८०० वॅटच्या स्पिंडलकडून मला ४०० वॅटच मिळतील. २.२ किलोवॅटचा घ्यावा, तर त्याचा व्हीएफडी (विजेचे हर्ट्झ बदलून फेरे ठरवणारे उपकरण) सिंगल फेजवर पूर्ण भाराला २४ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, आणि पडवीत १६ अँपिअरचाच पॉइंट आहे; शिवाय पाच किलोचे वजन माझ्या झेड अक्षाला जड जाईल. म्हणून दीड किलोवॅट, ईआर ११ कोलेटचा (बिट धरणाऱ्या पकडीचा), जो ७ मिलिमीटरपर्यंतचे बिट धरतो.

आता खरी अडचण थंड करण्याची. हवेवरच्या स्पिंडलचा पंखा सहसा त्याच्याच दांड्यावर असतो, त्यामुळे मी फेरे निम्म्यावर आणले की थंडावाही कमी होणार, आणि मला तर तासन्‌तास कमी फेऱ्यांवरच काम करायचे आहे. पाण्यावरच्या स्पिंडलला हा दोष नाही आणि त्याचा आवाजही कमी, ही गोष्ट शेजारी घर असलेल्याला लहान वाटत नाही. माझा कल त्यामुळे पाण्याकडे आहे. मात्र आमच्या विहिरीच्या पाण्याने किटलीत थर बसतो, तसाच तो स्पिंडलच्या अरुंद वाटांत बसेल, म्हणून डिस्टिल्ड पाणीच वापरावे लागेल. पावसाळ्यात विहिरीचे ताजे गार पाणी बादलीत ओतले, तर दमट हवेत स्पिंडलला बाहेरून घाम फुटेल अशीही शंका आहे. पंप अचानक बंद पडला आणि ते लक्षात आले नाही, तर वाइंडिंग जळण्याची भीती वेगळीच. त्यासाठी फ्लो स्विच बसवून तो व्हीएफडीला जोडण्याचा विचार आहे.

दुसरी काळजी विजेची. आमची जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात ती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते. व्हीएफडीचा थोडा प्रवाह अर्थिंगमधून गळतोच, त्यामुळे ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडेल असे आमच्या वायरमनचे म्हणणे आहे. स्पिंडलला शील्ड असलेली केबल वापरणार आहे, कारण लिमिट स्विचच्या (अक्ष टोकाला पोहोचला की यंत्र थांबवणाऱ्या स्विचच्या) तारा त्याच केबलच्या साखळीतून जातात आणि खोट्या सिग्नलमुळे काम मध्येच थांबले, तर तीन तासांची जाळी वाया जाते.

किनाऱ्याजवळ पाण्यावरचा स्पिंडल निदान दोन पावसाळे वापरलेल्या कोणी कृपया सांगावे, की पाण्यात गंजरोधक म्हणून काय मिसळले आणि ते किती दिवसांनी बदलले. तसेच व्हीएफडी खाऱ्या हवेपासून वाचवण्यासाठी बंद पेटीत ठेवला, तर त्याची उष्णता बाहेर कशी काढली, आणि ईएलसीबीचा प्रश्न अर्थिंग सुधारून सुटला की वेगळा ईएलसीबी बसवावा लागला? यंत्राचे फोटो किंवा वायरिंगची आकृती हवी असल्यास ती इथेच देईन.