मदत हवी आहे: तंबूतल्या टॉकीजच्या आठवणी आणि जुनी हँडबिलं

नमस्कार मंडळी. सातारा भागातल्या जत्रांमध्ये लागणाऱ्या तंबूतल्या टुरिंग टॉकीजबद्दल साहित्य जमवतेय. मला विशेष ओढ आहे ती दादा कोंडक्यांच्या विनोदी चित्रपटांची. 'सोंगाड्या' १९७१चा, 'एकटा जीव सदाशिव' १९७२चा, 'पांडू हवालदार' १९७५चा. हे आमच्यापर्यंत पोचले ते बऱ्याच उशिरा, पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत. एका बाजूला बायका, दुसरीकडे पुरुष, सगळे मातीवर बसलेले. रीळ बदलताना अंधारात शिट्ट्या, आणि कुणीतरी पुढचा संवाद आधीच म्हणून मोकळं व्हायचं. आजी पदर तोंडाला लावून हसायची. तिला इतकं मोकळं हसताना मी घरी कधी पाहिलं नाही. हे लिहून ठेवायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

कुणाकडे तेव्हाची हँडबिलं, तिकिटं किंवा तंबूचे फोटो आहेत का? मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल. रिळं चालवणारे ऑपरेटर किंवा रिक्षातून जाहिरात पुकारणारे कुणी ओळखीचे असतील, तर त्यांना विचारून मला कळवाल का?

आणखी एक. माझ्याकडचं एक पोस्टर घड्यांवर फाटत चाललंय. लॅमिनेशन करायचं नाही, त्याने कागद कायमचा अडकतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशा कागदांबद्दल कुणाशी बोलावं? जाऊन आलेल्यांनी सांगावं. आजीच्या वयाची माणसं थोडीच उरलीत, म्हणून घाई आहे.